सहा टोपीवाली अक्षरे : एस्पेरांतोच्या लेखनव्यवस्थेचे एक प्रकरण

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत टोपीला जो शब्द आहे तो मराठीत 'चापेलो' असा लिहावा लागतो. लिहून झाला की लगेच शंका येते : हा च चहातला म्हणायचा की चाकातला? आपण मराठी माणसे हे दोन्ही च दिवसभर बोलतो, पण लिहिताना दोघांना एकच अक्षर देतो आणि पुढचे काम वाचणाऱ्याच्या कानावर सोपवतो. मूळ एस्पेरांतोत ही शंका येत नाही. तिथे चाकातल्या च साठी रोमन लिपीतला साधा, बोडका सी आहे आणि चहातल्या च साठी त्याच सीच्या डोक्यावर छपरासारखी एक छोटी टोपी. 'चापेलो' हा शब्द चहातल्या च ने सुरू होतो. म्हणजे 'टोपी' हा शब्दच टोपी घातल्याशिवाय लिहिता येत नाही.

अशी टोपी पाच अक्षरांवर आहे : सी, जी, एच, जे आणि एस. सहावे अक्षर यू. त्याच्यावर छप्पर नसून आपल्या 'ॲ'वर असतो तसा, वर उघडणारा चंद्र आहे. या सहा अक्षरांनी छापखान्यांना, टाइपरायटरना आणि संगणकांना शंभराहून अधिक वर्षे अडचणीत टाकले. ती काढून टाकण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले आणि त्यातला एक तर भाषा घडवणाऱ्यानेच केला. तरीही सहाच्या सहा अक्षरे जागेवर आहेत. हे कसे घडले ते इथे तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. ही अक्षरे म्हणजे डोळा आणि कान यांच्यातला तह आहे, आणि ज्या भाषेला सुरुवातीची अठरा वर्षे कागदावरूनच जगभर जायचे होते तिला असा तह केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

बियालिस्तोकचा श

एस्पेरांतो घडवणारे एल. एल. झामेनहॉफ यांचा जन्म १८५९ साली बियालिस्तोक इथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होते. गावात यिडिश, पोलिश, रशियन, जर्मन आणि बेलारूसी बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने बघत. त्या संशयाचे मूळ भाषेत आहे, असे या ज्यू मुलाच्या मनाने लहानपणीच घेतले. पुढे तो नेत्रवैद्य झाला, पण भाषेचे काम शाळेपासूनच चालू होते. १८७८ मध्ये शाळासोबत्यांबरोबर त्याने आपल्या पहिल्या आराखड्याचा वाढदिवसासारखा सोहळाही केला. त्या आराखड्याचे नाव 'लिंग्वे युनिवेर्साला'. त्यात व या ध्वनीसाठी पोलिश धर्तीवर डबल्यू होता. नंतर तो गेला आणि व्ही आला. अक्षरांची ही अदलाबदल पुढे नऊ वर्षे चालू राहिली.

भाषांच्या गर्दीपेक्षा लिप्यांची गर्दी मला या प्रकरणात जास्त महत्त्वाची वाटते. त्या गावातल्या एकाच रस्त्यावर श हा ध्वनी कसा लिहिला जात होता ते पाहा. रशियन पाटीवर त्याला एक अक्षर. यिडिशमध्येही एकच, पण हिब्रू लिपीतले आणि उजवीकडून डावीकडे लिहिलेले. पोलिशमध्ये दोन अक्षरे, एस आणि झेड. जर्मनमध्ये तीन. चहातला च घेतला तर रशियनमध्ये एक अक्षर, पोलिशमध्ये दोन, यिडिशमध्ये दोन आणि जर्मनमध्ये तब्बल चार. कानाला एकच असलेली गोष्ट डोळ्यांना चार तऱ्हांनी दिसत होती. अशा गावात वाढलेल्या मुलाने 'एका आवाजाला एक अक्षर' हा हट्ट धरला, यात नवल काही नाही.

१८८७ च्या जुलैत वॉर्सॉमधल्या केल्टर यांच्या छापखान्यातून चाळीस पानांची एक रशियन पुस्तिका बाहेर पडली. खर्चाला सासऱ्यांचा हातभार होता. लेखकाने टोपणनाव घेतले होते 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा. तेच नाव पुढे भाषेला चिकटले. (मी ते त ने लिहितो, ट ने नाही. झामेनहॉफ यांच्या कानातला टी स्लाव भाषांचा, दातांवर जीभ टेकून म्हणायचा होता आणि आपला त त्याच्या सर्वांत जवळचा आहे.) त्या पुस्तिकेत व्याकरणाचे सोळा नियम होते. त्यातला नववा म्हणतो की प्रत्येक शब्द जसा लिहिला तसाच वाचायचा. दहावा म्हणतो की आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अवयवावर, म्हणजे एका स्वराभोवती उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर. उच्चाराबद्दलचे नियम म्हणजे एवढे दोनच. बाकी सगळे वर्णमालेने सांभाळायचे होते.

निर्णय

वर्णमाला अठ्ठावीस अक्षरांची झाली : बावीस साधी रोमन अक्षरे आणि सहा वर सांगितलेली. क्यू, डबल्यू, एक्स आणि वाय यांना वगळले. स्वर पाचच, त्यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. जे हे अक्षर य साठी, जर्मन आणि पोलिशप्रमाणे. बोडका सी म्हणजे चाकातला च. टोपीवाला जी म्हणजे जेवणातला ज. टोपीवाला एस म्हणजे श. टोपीवाला एच म्हणजे उर्दू बोलणारा 'ख़ास' म्हणताना घशातून काढतो तो घासता ख़. टोपीवाल्या जेचा आवाज मराठीत नाही. इंग्रजी नीट बोलणारा 'प्लेझर' म्हणताना मध्ये जो मऊ, घसरता आवाज काढतो तो. आणि चंद्रवाला यू म्हणजे 'औ' म्हणताना शेवटी ओठ मिटत जातात तो अर्धस्वर.

झामेनहॉफ यांच्यापुढे इतर वाटा होत्या. पोलिशसारखी अक्षरांची जोडी करता आली असती. चेक भाषेतली, वर उलटी टोपी असलेली अक्षरे तयार होती. वगळलेल्या चार अक्षरांना नवे आवाज देऊन कामाला लावता आले असते, म्हणजे एक्स म्हणजे श असे ठरवून टाकायचे. त्यांनी यांतले काहीच केले नाही. कारणे ताडायची तर त्यांनी निवडलेले शब्द लिहिलेले कसे दिसतात ते पाहावे लागते.

बागेला एस्पेरांतोत 'जार्देनो' म्हणतात. हा शब्द टोपीवाल्या जीने लिहितात. इंग्रज वाचकाला त्यात आपले 'गार्डन' ओळखू येते, कारण जी समोर आहे. फ्रेंच वाचकाच्या कानाला आपले 'जार्दँ' जवळचे वाटते, कारण आवाज मऊ आहे. खोलीला 'चांब्रो' : फ्रेंच शब्द सीने सुरू होतो, इथेही सी आहे, फक्त टोपी घालून. राज्यसंस्थेला 'श्तातो' : जर्मन माणूस लिहितो एस पण म्हणतो श, इंग्रज लिहितो एस आणि म्हणतो स. एसवर टोपी ठेवली की दोघांनाही आपला शब्द दिसतो आणि आवाज मात्र एकच निश्चित होतो. एक्स म्हणजे श असे ठरवले असते तर हाच शब्द युरोपातल्या एकाही वाचकाला ओळखू आला नसता. अक्षर ओळखीचे ठेवायचे आणि आवाजाची सूचना त्याच्या डोक्यावर द्यायची, ही ती युक्ती. अक्षर डोळ्यांसाठी, टोपी कानासाठी.

यापूर्वीचे उदाहरण समोर होते. योहान मार्टिन श्लायर या जर्मन कॅथलिक धर्मगुरूंनी १८७९–८० च्या सुमारास 'वोलाप्यूक' ही भाषा काढली होती आणि झामेनहॉफ यांची पुस्तिका आली तेव्हा ती जोरात होती. श्लायर यांनीही आवाजांचा विचार मनापासून केला होता. र चा उच्चार अनेकांना जमत नाही म्हणून त्यांनी तो जवळजवळ टाळला. पण शब्द इतके छाटले की मूळ ओळख उरली नाही. भाषेच्या नावातला 'वोल' म्हणजे इंग्रजी 'वर्ल्ड' आणि 'प्यूक' म्हणजे 'स्पीक', हे कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. तिथे तोंडाची सोय पाहिली आणि डोळा उपाशी राहिला.

तह कुठे महाग पडला

बोडक्या सीला चाकातला च द्यायचा निर्णय पूर्व युरोपच्या सवयीतून आला. पोलिशमध्ये तसाच उच्चार आहे. लॅटिन शब्द त्या भागात तसेच वाचतात. म्हणून केंद्राला 'च़ेन्त्रो'. (इथे मी चाकातल्या च साठी खाली टिंब देतो आहे.) मराठी माणसाला हा आवाज घरचा आहे. इंग्रजाला तो शब्दाच्या सुरुवातीला म्हणायला कष्ट पडतात.

पण 'माहीत असणे' या क्रियापदापाशी सगळेच अडखळतात. लॅटिनमधला धातू एस आणि सी जोडून लिहितात. झामेनहॉफ यांनी त्याचे दृश्य रूप तसेच ठेवले आणि आपला नियमही मोडला नाही. परिणामी उच्चार झाला 'स्च़िइ'. स वरून थेट चाकातल्या च वर उडी, आणि मागून दोन इ सुटे सुटे. इतके रोजचे क्रियापद, आणि नव्याने शिकणाऱ्याच्या तोंडात ते पहिल्या दिवसापासून अडकते. इथे डोळ्याचा लाभ कानापेक्षा जास्त मोजला गेला, असे मला स्पष्ट वाटते. एवढे ओळखीपायी सोसायला नको होते.

दुसरी विषमता कमी बोलली जाते. चाकातला च हा खरे तर त आणि स यांचा मिलाफ. त्याला झामेनहॉफ यांनी एक अक्षर दिले. त्याचा घोष जोडीदार, म्हणजे जाळ्यातला ज, याला मात्र वेगळे अक्षर नाही. नवऱ्याला जो शब्द आहे तो डी आणि झेड अशी दोन अक्षरे जोडून लिहितात आणि 'एद्‌झो' असा फोडून वाचतात. मराठी कानाला ते सरळ 'एज़ो' वाटते, जाळ्यातल्या ज चे. रोमन लिपीत सी रिकामा होता म्हणून त्याला काम मिळाले, ज़ साठी रिकामे अक्षर नव्हते म्हणून जोडी करावी लागली. एका आवाजाला एक अक्षर हे तत्त्व इथे हाताशी असलेल्या छपाईच्या खिळ्यांपुढे थोडे वाकले.

मी पुस्तकावरून ही भाषा शिकू लागलो तेव्हा दोन च वेगळे म्हणणे मला बसल्या बैठकीत जमले. त्याचा आनंद फार टिकला नाही, कारण पुढे 'मान्जाझो' हा शब्द आला. अर्थ खाद्यपदार्थ. यात आधी टोपीवाला जी आहे, म्हणजे जेवणातला ज, आणि लगेच टोपीवाला जे, म्हणजे 'प्लेझर'मधला झ. हे दोन ध्वनी आणि शिवाय झेडचा तिसरा, असे तिघे मराठी माणसाच्या कानात एकाच कोनाड्यात बसतात. वस्तू दाखवणारा प्रत्ययच टोपीवाल्या जेने बनलेला असल्यामुळे हा आवाज टाळताही येत नाही. ज्या लिपीने मला एके ठिकाणी सोपे केले तिनेच दुसरीकडे माझा कान किती ढोबळ आहे ते दाखवले.

नवव्या नियमाची एक मर्यादाही इथेच नोंदवतो. 'उदाहरण' या अर्थाचा शब्द के आणि झेड घेऊन लिहितात, 'एक्झेम्प्लो'. अघोष क ला चिकटून घोष झ म्हणणे जिभेला आवडत नाही, आणि पुष्कळ लोक 'एग्झेम्प्लो' म्हणून जातात. ऐंशीला 'ओक्देक', पण बोलण्यात 'ओग्देक' होते. लिहिल्याप्रमाणे वाचा हे सांगता येते. जीभ शेजारच्या वर्णाचा रंग घेणारच.

पळवाट

१९०५ साली 'फुंदामेंतो' हे पुस्तक आले. त्यात व्याकरण पाच भाषांत दिले होते : फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या बुलोन-स्यूर-मेर या बंदरगावी पहिले जागतिक संमेलन भरले आणि 'फुंदामेंतो' हा भाषेचा अढळ पाया आहे, त्यात कोणी हात घालायचा नाही, असे ठरले. पण त्याच पुस्तकात वर्णमालेखाली एक टीप आहे. ज्या छापखान्यांकडे टोपीवाले खिळे नसतील त्यांनी अक्षरापुढे एच जोडावा आणि चंद्रवाल्या यूऐवजी साधा यू वापरावा, असे ती सांगते. म्हणजे पाया अढळ, पण त्यात दार ठेवलेले.

हे दार किती अडचणीचे होते ते दोन शब्दांवरून कळते. विमानतळाला शब्द आहे 'फ्लुगहावेनो' : 'फ्लुग' म्हणजे उड्डाण, 'हावेनो' म्हणजे बंदर. यात जी आणि एच शेजारी येतात ते दोन शब्दांच्या सांध्यावर. आता एच जोडण्याची पद्धत धरली तर वाचणाऱ्याने इथे 'ग-ह' म्हणायचे की टोपीवाला जी समजून 'फ्लुजावेनो' म्हणायचे? शिकारी कुत्र्याच्या शब्दातही हेच : 'चास' म्हणजे शिकार, 'हुंदो' म्हणजे कुत्रा, आणि मध्ये एस-एच एकत्र आले की 'चाशुंदो'.

यूवरचा चंद्र काढण्याची सवलत मला याहून गंभीर वाटते, जरी ती वरवर किरकोळ दिसते. आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो आणि अवयव स्वरांनी मोजायचे असतात. 'सुद्धा' या अर्थाचा शब्द आहे 'आन्काउ'. शेवटचा उ चंद्रवाला, म्हणजे अर्धस्वर, तो मोजायचा नाही. म्हणून अवयव दोन आणि आघात पहिल्या 'आन्'वर. चंद्र काढा, की तोच उ पूर्ण स्वर होतो, अवयव तीन होतात आणि नियमाने आघात 'का'वर सरकतो. एक लहानशी कोर गेली आणि शब्दाचा ताल मोडला. उलट 'प्राउलो', म्हणजे आदिमानव, यात 'प्रा' हा उपसर्ग आणि 'उलो' वेगळे आहेत, तिथे उ पूर्ण स्वर आहे आणि आघात त्याच्यावरच येतो. या दोन शब्दांतला फरक कागदावर सांभाळायला त्या चंद्राखेरीज दुसरे काही नाही. टीप लिहिताना झामेनहॉफ यांनी आपल्याच दहाव्या नियमाची फिकीर पुरेशी केली नाही, असे म्हणावे लागते.

बुलोनची परीक्षा

या सगळ्या काथ्याकुटाचे फळ बुलोनला दिसले. ६८८ माणसे वीसेक देशांतून जमली. त्यांतले बहुतेक जण ही भाषा पुस्तकावरून आणि पत्रव्यवहारातून शिकले होते. कित्येकांनी आयुष्यात दुसऱ्या देशाच्या माणसाच्या तोंडून एस्पेरांतो ऐकलीच नव्हती. रेडिओ नव्हता, शिकवणीच्या तबकड्या घरोघर नव्हत्या. १८८७ पासून अठरा वर्षे भाषा पाकिटातून मुक्याने फिरत होती. आता पोलंडचा आणि स्पेनचा माणूस तोंड उघडतील तेव्हा एकमेकांना समजतील का, ही भीती खरी होती.

ते एकमेकांना समजले. भाषणे झाली, नाटक झाले, जेवणाच्या टेबलावर गप्पा झाल्या. गुरू म्हणून त्यांच्याजवळ फक्त वर्णमाला होती आणि तिने सगळ्यांना जवळपास एकच उच्चार शिकवला होता. इंग्रजीसारख्या लेखनपद्धतीवर हा प्रयोग करून पाहिला असता तर काय झाले असते, याची कल्पना करता येते. पुस्तकातून शिकलेले शब्द पहिल्यांदा मोठ्याने म्हणताना आपल्यापैकी किती जणांची जीभ अडखळते! टोप्यांचे मोल मोजायचे ते या कसोटीवर. छापखान्याला होणारा त्रास एका पारड्यात आणि हे दुसऱ्या पारड्यात.

काढून टाकण्याचे प्रयत्न

पहिला प्रयत्न बुलोनच्या आधीचा. नुरेंबर्गहून निघणाऱ्या 'ला एस्पेरांतिस्तो' या मासिकाच्या वर्गणीदारांत बदलाची मागणी वाढली तेव्हा १८९४ मध्ये झामेनहॉफ यांनी स्वतः सुधारणांचा मसुदा मांडला. त्यात टोपीवाली अक्षरे जाणार होती, आणि व्याकरणातही मोठे फेरफार होते. मग मत घेतले. जुनी भाषा आहे तशी ठेवा म्हणणाऱ्यांचे बहुमत झाले, आणि झामेनहॉफ यांनी ते मानले. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. सात वर्षांत भाषा निर्मात्याच्या हातून निसटून बोलणाऱ्यांची झाली होती.

दुसरा प्रयत्न १९०७ चा. फ्रेंच तत्त्वज्ञ लुई कुत्युरा यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीपुढे 'इदो' या टोपणनावाने सुधारित एस्पेरांतोचा आराखडा आला. समितीत भाषाशास्त्रज्ञ ओट्टो येस्पर्सन, रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखी माणसे होती. इदोने टोप्या काढल्या, रोमन लिपीतली सव्वीसच्या सव्वीस अक्षरे घेतली आणि श व च साठी इंग्रजी वळणाच्या जोड्या केल्या. छापखाने सुखावले असते. पण शिकारी कुत्रा तिथेही आडवा आला. जोडी कुठे आणि सांधा कुठे हे दाखवायला त्या शब्दाच्या मध्ये आडवी रेघ घालावी लागली. डोक्यावरची खूण उतरवून ती कमरेला बांधली, एवढेच. चळवळीतले काही नामवंत इदोकडे गेले, सामान्य बोलणारे राहिले, आणि राहिलेल्यांना टोप्या आणखी प्रिय झाल्या. कारण आता ती अक्षरे निष्ठेची खूण बनली होती.

आपल्याकडेही खिळ्यांच्या गर्दीपायी लिपी बदलण्याचे प्रयत्न झाले. सावरकरांची अ ची बाराखडी, म्हणजे इ, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे टाकून अि, अु, अे लिहायचे, यामागे छपाईची सोय हे एक मोठे कारण होते. जुन्या पुस्तकांत ती आजही भेटते. ती रुजली नाही. मात्र मराठीच्या दोन च ना वेगळी अक्षरे मिळाली नाहीत याबद्दल मी हळहळत नाही. 'रामाचा' आणि 'रामाची' म्हणून पाहा. पहिला च चाकातला, दुसरा चहातला. प्रत्यय मात्र एकच. पुढच्या स्वराने आवाज बदलतो हे मराठी कानाला ठाऊक आहे, म्हणून एक अक्षर पुरते, आणि त्या एका अक्षरामुळे प्रत्ययाची ओळख टिकते. एस्पेरांतोला घरातून मिळालेला असा कान नव्हता. तिच्या प्रत्ययांचा आवाज बदलत नाही, बदलू देणे परवडणारेही नव्हते. दोन्ही लिप्या आपापल्या जागी बरोबर आहेत.

एक अक्षर जे राहिले आणि रिकामे झाले

टोपीवाल्या एचची गोष्ट वेगळी आहे. त्याला कोणी ठराव करून हाकलले नाही. घशातला ख़ इंग्रज, फ्रेंच, इटालियन लोकांना जमत नव्हता, आणि शब्दांनी एकेक करून जागा सोडली. रसायनशास्त्र 'ख़ेमिओ' होते, ते 'केमिओ' झाले. 'तेख़्निको'चे 'तेक्निको', 'मोनार्ख़ो'चे 'मोनार्को'. चिनी माणसाला 'ख़िनो' म्हणत. त्याचा क करता येईना, कारण 'किनो' म्हणजे सिनेमा. म्हणून तो 'चिनो' झाला, चहातल्या च चा. नव्या शब्दाला शेजारी जागा द्यायची आणि जुना हळूहळू वापरातून जाऊ द्यायचा, ही वाट 'फुंदामेंतो'ने मोकळी ठेवली होती. त्यामुळे नियम मोडला नाही आणि अक्षर मात्र ओस पडत गेले.

पूर्ण ओस पडले नाही, कारण काही ठिकाणी त्याच्यावाचून अर्थच हरवतो. 'होरो' म्हणजे तास, 'कोरो' म्हणजे हृदय, 'ख़ोरो' म्हणजे गायकवृंद. प्रतिध्वनीला 'एख़ो' म्हणतात. त्याचा 'एको' केला तर अर्थ होतो आरंभ. 'चेख़ो' म्हणजे चेक माणूस, 'चेको' म्हणजे बँकेचा चेक. जिथे ख़ नसता तर गफलत झाली असती तिथे तो टिकला, जिथे नुसती ऐट होती तिथून गेला. कोणीही आखून न देता बोलणाऱ्यांनी हा निवाडा केला आहे, आणि तो मला कुठल्याही समितीपेक्षा चोख वाटतो.

संगणक

टाइपरायटरच्या काळात फ्रेंच लोकांची सोय होती. त्यांच्या यंत्रावर टोपीची वेगळी कळ असते. ती दाबली तरी कागद सरकत नाही, मग खाली हवे ते अक्षर मारायचे. इंग्रजी यंत्रावर शाईच्या पेनाने टोप्या काढत बसावे लागे. संगणक आला तेव्हा प्रश्न नव्याने उभा राहिला. सुरुवातीच्या सांकेतिक तक्त्यात इंग्रजीपुरतीच जागा होती. १९८८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय तक्ता आला, त्यात माल्टीज आणि तुर्कीबरोबर एस्पेरांतोची अक्षरे होती. पण समोरच्याच्या संगणकावर तोच तक्ता नसला तर टोप्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत.

तेव्हा लोकांनी स्वतःची सोय काढली. वगळलेल्या चार अक्षरांपैकी एक्स कामाला लागला. टोपी हवी त्या अक्षरापुढे एक्स लिहायचा. एस्पेरांतोच्या वर्णमालेत एक्स नाहीच, म्हणून 'फ्लुगहावेनो'सारखा घोटाळा होत नाही, आणि यूवरचा चंद्रही सांभाळला जातो. झामेनहॉफ यांच्या एचपेक्षा ही युक्ती तर्काने सरस आहे. डोळ्यांना मात्र ती फार रुक्ष दिसते, आणि तिला 'फुंदामेंतो'चा आधार नाही. ई-मेलच्या पहिल्या काळात ती सर्वत्र पसरली. यंत्राने एक्सच्या जोड्या आपोआप टोप्यांत बदलाव्यात अशी सोयही झाली, आणि मग फ्रान्समधले बोर्दो शहर अडले. त्याच्या फ्रेंच नावाच्या शेवटी यू आणि एक्स असतात. यंत्र इमानाने त्या यूवर चंद्र ठेवी. एस्पेरांतो विकिपीडियावर लिहिताना हे टाळायला शेवटी दोन एक्स मारावे लागत.

युनिकोड हा जगातल्या लिप्यांचा सामाईक तक्ता आल्यावर ही कसरत थांबली. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत सहाही अक्षरांना स्वतःच्या जागा होत्या. हे वाचताना मराठी माणसाला थोडे हळवे व्हायला होते. आपल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर 'ॲसिड' लिहायला काय काय जुळवाजुळव करावी लागे ते ज्यांनी केले त्यांना आठवत असेल. चंद्राच्या एका कोरीसाठी अडून बसावे लागणे काय असते, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

नवा टंक किंवा नवा कळफलक आला की एस्पेरांतो लिहिणारे एक छोटे वाक्य मारून बघतात : 'एख़ोशान्जो चिउझाउदे'. अर्थ 'दर गुरुवारी प्रतिध्वनीत बदल'. अर्थाला काही महत्त्व नाही. या दोन शब्दांत सहाच्या सहा अक्षरे एकेकदा येतात, तो ओस पडत चाललेला टोपीवाला एचसुद्धा. सगळ्या टोप्या आणि तो एक चंद्र जागच्या जागी दिसले की कळफलक बरा आहे असे समजायचे. देवनागरीत उतरवताना मला ख़ ला टिंब द्यावे लागले. च चहातला आहे हे माझा वाचक पुढच्या इ वरून ओळखेल. झ झेडचा की टोपीवाल्या जेचा, आणि 'झाउ'मधला उ पूर्ण की अर्धा, हे मात्र माझ्या लिपीत दाखवायची सोय नाही. ते वाचकाला वेगळे सांगावे लागते : झ मऊ म्हणा, उ ओठातच सोडा, आणि आघात 'झाउ'वर द्या.